माप चुकले, हे ठरवणार कोण?

एखादी कंपनी आपल्या ब्राउझरचे इंजिन मोडीत काढून दुसऱ्याचे इंजिन बसवते, किंवा एखाद्या न्यायालयापुढे ब्राउझर विकायला लावावा की नाही असा प्रश्न येतो, की वेबसाठी अनेक इंजिने हवीत की एकच पुरे हा जुना वाद नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाटांनी भरकटतो. एक बाजू बाजारातील वाट्याचे आकडे पुढे करून मक्तेदारीच्या नावाने बोटे मोडते आणि अमुक ब्राउझर वापरणे हे जणू सज्जनांचे व्रतच आहे अशा सुरात बोलते. दुसरी बाजू म्हणते की क्रोमियमचा, म्हणजे गूगलच्या क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या प्रकल्पाचा, कोड सर्वांना खुला आहे, ज्याला हवा त्याने घ्यावा आणि त्यावर हवा तसा ब्राउझर उभारावा. मग एकच काम तीन कंपन्यांनी तीनदा करण्याचा हा आटापिटा कशासाठी? वरकरणी या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण दोघीही इंजिनाकडे फडताळावरच्या मालाच्या नजरेने पाहतात. एकीला मालाचे प्रकार कमी झाल्याचे दुःख आहे, दुसरीला एकच पण उत्तम माल फुकट मिळाल्याचे समाधान. माझ्या मते प्रश्न मालाचा नाहीच. इंजिनांची विविधता लागते ती मानकांना, म्हणजे वेबची पाने कशी चालावीत हे सांगणाऱ्या लेखी नियमांना, अर्थ राहावा म्हणून. ज्या मानकाचा मजकूर स्वतंत्रपणे वाचून त्याबरहुकूम काम करून दाखवणारे, एकमेकांशी संबंध नसलेले किमान दोन वाचक उरले नाहीत, ते मानक केवळ नावाला मानक असते. प्रत्यक्षात ते एका कंपनीच्या प्रोग्रामचे वर्णन होऊन बसते.

आधी सध्याची स्थिती पाहू. ब्राउझरचे इंजिन म्हणजे सर्व्हरकडून आलेला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा मजकूर वाचून त्याचे पडद्यावरचे पान तयार करणारा भाग. टॅब, बुकमार्क, पत्त्याची पट्टी हे सारे त्यावर चढवलेले वेष्टन. वेष्टने आज डझनावारी आहेत, पण मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली इंजिने तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक (क्रोममध्ये), ॲपलचे वेबकिट (सफारीमध्ये) आणि मोझिलाचे गेको (फायरफॉक्समध्ये). ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो २०१३ मध्ये सोडून दिले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या इंजिनाला पूर्णविराम देऊन क्रोमियमची वाट धरली. आज एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे आतून ब्लिंकच आहेत. त्यातही ब्लिंक हे एप्रिल २०१३ मध्ये वेबकिटपासून फुटलेले, आणि वेबकिट हे लिनक्सच्या केडीई प्रकल्पातील केएचटीएमएल या इंजिनापासून निघालेले. कुळ शोधत गेले तर तिनांपैकी दोन चुलतभाऊ निघतात आणि वेगळ्या घरातले एकटे गेको उरते.

मानक आणि वस्तू यांतला फरक स्पष्ट व्हावा म्हणून संगणकापासून जरा लांबचे एक उदाहरण घेतो. १८८९ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल १३० वर्षे, किलोग्रॅम या एककाची व्याख्या पॅरिसजवळच्या सेव्र येथे काचेच्या घुमटांखाली जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल अशी होती. त्याच्या प्रती देशोदेशी दिलेल्या होत्या आणि क्वचित कधी त्या मूळ दंडगोलाशी ताडून पाहिल्या जात. शंभरेक वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या बऱ्याच प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. आता गंमत पाहा. मूळ दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगण्याची काही सोयच नव्हती, कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता. त्याचे वस्तुमान घटले असते तर त्याचा अर्थ विश्वातील बाकी सगळे जड झाले असा करावा लागला असता. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर उभी राहिली. पण हा बदल करण्याआधी शास्त्रज्ञांनी कशासाठी इतकी वर्षे घेतली? किबल तराजू ही एक पद्धत आणि सिलिकॉनच्या गोळ्यातील अणू मोजण्याची दुसरी, या संपूर्णपणे भिन्न वाटांनी काढलेली उत्तरे आधी एकमेकांशी जुळावीत, म्हणून. एकाच वाटेने आलेले उत्तर कितीही बारकाईने काढले तरी त्यावर माप ठरवायला ते तयार नव्हते.

ब्राउझरच्या जगात हा ५० मायक्रोग्रॅमचा फरक कसा दिसतो? एक जुने पण बोलके उदाहरण जावास्क्रिप्टमधल्या क्रमवारीचे आहे. समजा, विद्यार्थ्यांची यादी आधी नावानुसार लावली आणि मग तीच गुणांनुसार लावली. समान गुण असलेल्यांमध्ये आधीचा नावांचा क्रम टिकला पाहिजे, अशी कोणाचीही सहज अपेक्षा असते. भाषेच्या मानकाने मात्र तसे बंधन घातलेले नव्हते. क्रोममधील व्ही८ हे जावास्क्रिप्ट इंजिन दहापर्यंत नोंदी असतील तर एका पद्धतीने क्रम लावी आणि ती पद्धत हा क्रम टिकवीत असे. अकरावी नोंद आली की ते दुसऱ्या, अधिक वेगवान पद्धतीकडे वळे आणि समान गुणांच्या नावांची सरमिसळ होई. दहा ओळींची नमुना यादी घेऊन चाचणी करणाऱ्या प्रोग्रामरला सगळे ठाकठीक दिसायचे, आणि खरी यादी आली की घोटाळा. फायरफॉक्समध्ये तीच यादी व्यवस्थित दिसे, म्हणूनच हा प्रश्न ‘असेच असते’ या सदरात न जाता ‘कोणाचे बरोबर?’ या सदरात गेला. २०१८ मध्ये व्ही८ने पद्धत बदलली आणि २०१९ च्या मानकाने समान नोंदींचा क्रम टिकवणे सक्तीचे केले. त्या काळात व्ही८ हे एकच इंजिन असते तर? अकराव्या नोंदीला यादी विस्कटते हा जावास्क्रिप्टचा नियम म्हणून पुस्तकांत छापला गेला असता, आणि कदाचित मुलाखतींत विचारलाही गेला असता.

याहून नेमका प्रसंग २०१० चा आहे, आणि या वादात तो फारसा कोणी काढत नाही याचे मला नवल वाटते. ब्राउझरच्या आत डेटाबेस देण्यासाठी ‘वेब एसक्यूएल’ नावाचा मसुदा तयार होत होता. क्रोम, सफारी आणि ऑपेरा यांनी तो उतरवलाही होता. सोय उत्तम, वेग चांगला, वापरणारे खूश. अडचण इतकीच की तिघांनीही आत एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस बसवलेला होता, आणि मसुद्यात एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या, बोलीची व्याख्या करायची वेळ आली तेव्हा ती ‘एसक्यूलाइटच्या ३.६.१९ या आवृत्तीला जी समजते ती बोली’ अशी करावी लागली. मोझिलाने हे स्वीकारायला नकार दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये डब्ल्यू३सी या मानक संस्थेने काम थांबवले आणि कारण जाहीरपणे नोंदवले: सर्वांनी एकच डेटाबेस वापरला आहे, आणि मानकाच्या वाटेने पुढे जायचे तर अनेक स्वतंत्र अंमलबजावण्या हव्यात. एसक्यूलाइटचा कोड कोणाच्याही मालकीचा नाही, तो सार्वजनिक आहे, दर्जाबद्दल त्याची ख्याती आहे; म्हणजे ‘खुला आहे, चांगला आहे, मग अडचण काय’ या युक्तिवादाला याहून आदर्श उमेदवार मिळणे कठीण. तरीही त्याचे मानक होऊ शकले नाही, कारण उद्या त्यात एखादा दोष निघाला तर तो दोष आहे की व्याख्याच तशी आहे, हे सांगायला दुसरा कोणी नव्हता. त्याच्या जागी जी इंडेक्स्ड-डीबी आली ती वापरायला कितीतरी क्लिष्ट आहे, हे मी नाकारत नाही. स्वतंत्रतेची किंमत कधी कधी अशी रोख मोजावी लागते.

एकाच इंजिनाच्या काळाचा विषय निघाला की मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ या ब्राउझरचे भूत नाचवण्याची प्रथा आहे. २००१ मध्ये ते आले, बाजार जिंकला आणि पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडले. मधली पाच वर्षे वेब जागच्या जागी थिजले. विरोधक यावर म्हणतात की क्रोमियमला हे लागू होत नाही, त्याची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. त्यांचे हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. थिजण्याचा धोका आज नाही, आणि जे अजून ती भीती घालतात ते मागची लढाई पुन्हा लढत आहेत. खरा धडा दक्षिण कोरियाचा आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे परदेशी ब्राउझरांत कमकुवत, ४० बिटांचे कूटलेखन मिळे. कोरियाने शहाणपणाने १२८ बिटांची सीड नावाची स्वतःची पद्धत घडवली, ती बँकांच्या व्यवहारांसाठी आणि सरकारी प्रमाणपत्रांसाठी रुजवली आणि ब्राउझरमध्ये ती चालावी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या जोडणीचा आधार घेतला. त्या क्षणी हा निर्णय अभियांत्रिकी म्हणून चोखच होता. पुढे अमेरिकेने निर्बंध सैल केले, सर्वच ब्राउझरांत भक्कम कूटलेखन आले, खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या एजमध्ये ॲक्टिव्हएक्सला जागा दिली नाही. आणि तरीही कोरियातील लोक बँकेचा व्यवहार करण्यासाठी जुना इंटरनेट एक्सप्लोरर सांभाळून बसले होते. प्रमाणपत्रांची ती व्यवस्था कायद्याने डिसेंबर २०२० मध्ये मोडीत निघाली. विक्रेता सुस्तावल्यामुळे हे झाले नाही. देशाने आपला करार मानकाशी न करता एका इंजिनाशी केला होता, आणि विक्रेता पुढे निघून गेला तरी देश त्या कराराने बांधलेला राहिला.

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते खरोखर भक्कम आहेत. पहिला पैशाचा. पूर्ण इंजिन बांधणे आणि सांभाळणे हे हजारो माणसांचे, वर्षानुवर्षांचे काम आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक असलेल्या मायक्रोसॉफ्टने ते सोडले, यावरून काय ते समजावे. दुसरा सुरक्षिततेचा. एका संकेतस्थळाचा कोड दुसऱ्याच्या माहितीपर्यंत पोचू नये म्हणून प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत कोंडण्याची व्यवस्था क्रोमने डेस्कटॉपवर २०१८ मध्ये आणली, फायरफॉक्सला तिथे पोचायला २०२१ उजाडले. ज्याच्याकडे माणसे कमी, त्याचे वापरकर्ते तीन वर्षे अधिक उघड्यावर राहिले, हे गेकोच्या चाहत्यांनी सरळ कबूल करावे. शिवाय आपण ज्याला स्वतंत्र म्हणतो ते कितपत स्वतंत्र असते? सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे उलगडणाऱ्या एका सामायिक लायब्ररीत (अनेक प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडच्या संचात) गंभीर दोष सापडला, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनाही धावपळ करून दुरुस्ती पाठवावी लागली. इंजिने वेगळी, पण पोटातला तो तुकडा एकच. देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांची जोडाक्षरे आणि वळणे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररीसुद्धा दोघांकडे सामाईक आहे, आणि तिथे प्रत्येकाने आपापले वेगळे गाडे हाकावे असे मी म्हणणार नाही. सामायिक करण्याजोगे पुष्कळ काही असते. प्रश्न इतकाच आहे की ज्या जागी मानकाचा अर्थ ठरतो, ती जागा एकाच्या हाती असावी का.

तिसरा मुद्दा लिनक्सचा, आणि तो सर्वांत हुशार आहे. सर्व्हरांपासून फोनांपर्यंत एकच कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, चालतो, प्रतिस्पर्धी कंपन्या त्यात एकत्र काम करतात, कोणाचे काही बिघडत नाही. मग ब्राउझरचे इंजिनही तसेच का असू नये? याला दोन उत्तरे आहेत. एक, लिनक्सची दिशा एकच कंपनी ठरवत नाही, तर क्रोमियममधील बहुतांश बदल गूगलच्या कर्मचाऱ्यांच्या हातून होतात. जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली क्रोमियमसाठी निधी उभारण्याचा उपक्रम सुरू झाला, त्यात गूगलसोबत मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि ऑपेरा आहेत; ते चांगलेच आहे, पण निधी देणे वेगळे आणि निर्णय घेणे वेगळे. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. लिनक्स मुळात जन्माला येऊ शकले ते कशामुळे? युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीचे वर्तन कोण्या एका विक्रेत्याच्या कोडबाहेर, पॉझिक्स या १९८८ च्या मानकात लिहून ठेवलेले होते म्हणून. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी जुलै १९९१ मध्ये त्याच मानकाची प्रत कुठे मिळेल अशी जाहीर विचारणा केली होती. युनिक्सचा अर्थ ‘अमुक कंपनीचा कोड जे करतो ते’ एवढाच असता, तर हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याला कशाच्या आधारे नवा कर्नल लिहिता आला असता? लिनक्सचे उदाहरण देणारे ज्या झाडाखाली बसले आहेत, ते झाड स्वतंत्र मानकाच्या मातीत वाढलेले आहे.

रेल्वेचा दाखलाही असाच उलट्या बाजूने दिला जातो. ब्रिटनमध्ये रेल्वे अभियंता स्टीफन्सनचे रूळ ४ फूट ८½ इंचांचे आणि दुसरा अभियंता ब्रुनेलचे ७ फुटांचे. ग्लॉस्टरला दोन मापे भेटत आणि तिथे माणसे, पेट्या, गुरे सगळे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. चाचण्यांत ब्रुनेलची गाडी अधिक वेगवान ठरूनही १८४६ च्या कायद्याने अरुंद मापाच्या बाजूने कौल दिला, कारण त्या मापाचे रूळ कितीतरी अधिक मैलांवर पसरलेले होते. ‘बघा, एकवाक्यता महत्त्वाची’ असे यावरून सांगतात. अगदी बरोबर, पण कायद्याने दोन रुळांमधले अंतर ठरवले. त्यावर धावणारी सगळी इंजिने एकाच कारखान्यातून यावीत असे म्हटले नाही. मराठीत दोन्हींना इंजिनच म्हणतात ही सोयच म्हणायची. त्यातही एक फरक आहे: रुळांमधले अंतर कोणीही मोजपट्टी लावून तपासू शकतो. वेबची मानके हजारो पानांचा मजकूर आहेत आणि मजकुराला फटी असतात. त्या फटी दिसायला, तोच मजकूर वाचून वेगळे काही बांधलेला दुसरा माणूस लागतो.

‘खुला आहे, आवडले नाही तर फाटा काढा’, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करा, हे उत्तर कागदावर निर्दोष आहे. ब्लिंक स्वतः असाच फाटा आहे. पण तो काढणारी कंपनी गूगल होती. मायक्रोसॉफ्टने क्रोमियम घेतले तेव्हा फाटा काढला नाही, ती प्रवाहात सामील झाली, कारण मूळ प्रकल्पात रोज शेकडो बदल येतात आणि त्यांच्यापासून वेगळे राहणे म्हणजे ते सगळे रोज स्वतः निस्तरणे. एक्स्टेंशनांसाठीच्या (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या साधनांसाठीच्या) गूगलच्या ‘मॅनिफेस्ट व्ही३’ या नव्या नियमांनी जाहिराती अडवणाऱ्या साधनांचे हात बांधले, तेव्हा क्रोमियमवर उभ्या असलेल्या विवाल्डीसारख्या ब्राउझरांनी काय सांगितले? जुनी पद्धत मूळ कोडमध्ये आहे तोवर चालू ठेवू. या ‘तोवर’मध्ये फाट्याच्या स्वातंत्र्याची सगळी कथा आली. इथे मी आमच्या बाजूच्या लोकांनाही थोडे टोकतो. त्रयस्थ कुकींचे (उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज दुसऱ्याच कोणी माग काढण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींचे) उदाहरण, म्हणजे सफारीने २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या आणि क्रोमने दोन वर्षांत बंद करू असे सांगून २०२४ मध्ये विचार बदलला, हे इंजिन-विविधतेच्या बाजूने हमखास दिले जाते. पण ब्लिंकवरच चालणारा ब्रेव्ह त्या कुकी अडवतोच. ते धोरणाचे उदाहरण आहे, इंजिनाचे नव्हे, आणि चुकीच्या जागी वापरलेला चांगला मुद्दा आपलीच बाजू लंगडी करतो.

एकच इंजिन असते तर प्रगती झपाट्याने झाली असती, असेही म्हणतात. याला उत्तर म्हणून वेबअसेंब्लीची गोष्ट पुरे आहे. ब्राउझरमध्ये सी, सी++ या भाषांतले जड प्रोग्राम चालावेत म्हणून गूगलने २०११ मध्ये क्रोममध्ये ‘नेटिव्ह क्लायंट’ आणला. तो वेगवान होता, कुशलतेने बांधलेला होता आणि क्रोमच्या अंतर्गत रचनेशी इतका जखडलेला होता की दुसऱ्या कोणी तो घेतला नाही. मोझिलाने २०१३ मध्ये ‘एएसएम.जेएस’ ही उलट वाट काढली: जावास्क्रिप्टचाच एक काटेकोर उपसंच, जो जुन्या ब्राउझरांतही हळूहळू का होईना चालेल. दोन्ही बाजूंनी एकमेकींना पुरेसे नावे ठेवून झाल्यावर २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे धरून तेव्हाच्या चारही इंजिनांचे लोक एकत्र बसले, २०१७ मध्ये चौघांनीही वेबअसेंब्ली दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती डब्ल्यू३सीची अधिकृत शिफारस झाली. आज ती ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवरही वापरली जाते. एकटे क्रोम असते तर २०११ मध्येच आपल्याला नेटिव्ह क्लायंट मिळाला असता आणि सहा वर्षे वाचली असती. वेबअसेंब्ली मात्र मिळाली नसती. पानाची आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करणाऱ्या सीएसएस ग्रिडचेही तसेच: कल्पना मायक्रोसॉफ्टची, इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये आलेली, पण घासूनपुसून मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात उतरली ती वेगळीच आणि अधिक सुबक ग्रिड. आणि ज्या सफारीला सगळे मागासलेला म्हणून हिणवतात, त्यानेच ‘:हॅज’ हा सीएसएसचा निवडकर्ता (पानातला कोणता भाग सजवायचा ते निवडणारी खूण) २०२२ मध्ये सर्वांत आधी दिला; ब्राउझरला तो वेगात हाताळता येणार नाही, असे त्याआधी वर्षानुवर्षे मानले जात होते.

संकेतस्थळे मानकाऐवजी इंजिनासाठी लिहिली जाऊ लागली की उरलेल्यांना खोटे बोलावे लागते. मोबाइलच्या सुरुवातीच्या काळात सीएसएसचे प्रायोगिक गुणधर्म ‘-वेबकिट-’ या उपसर्गाने लिहिले जात आणि ते प्रायोगिक आहेत हे विसरून लोकांनी ते कायमचे वापरले. २०१२ मध्ये ऑपेराने आणि २०१६ मध्ये फायरफॉक्सने दुसऱ्याच्या नावाचा हा उपसर्ग आपल्या इंजिनात निमूटपणे स्वीकारला, कारण नाहीतर पाने मोडकी दिसत आणि दोष त्यांच्या माथी येई. ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख म्हणून जी ओळ पाठवतो, ती एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. क्रोम त्यात आधी ‘मोझिला’ म्हणतो, मग ‘ॲपलवेबकिट’, मग ‘केएचटीएमएल, गेकोसारखे’, मग स्वतःचे नाव आणि शेवटी ‘सफारी’. इतिहासातल्या प्रत्येक दादागिरीची एकेक पावती त्या एका ओळीत जपून ठेवलेली आहे.

आयफोनचा प्रश्न या वादात सर्वांना अडचणीत आणतो. ॲपलच्या नियमांनुसार तिथल्या प्रत्येक ब्राउझरने वेबकिटच वापरायचे. आयफोनवरचा क्रोम हा क्रोमच्या कपड्यातला वेबकिट आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथे इतर इंजिनांना दार उघडले, जपाननेही २०२४ मध्ये अशाच आशयाचा कायदा केला. यावर काही विविधतावादी म्हणतात की हे दार बंदच बरे, कारण ते उघडले की ब्लिंक आत शिरेल आणि वेबकिट संपेल. भीती निराधार नाही, हे मी मान्य करतो. पण बंदीच्या आधाराने टिकलेले इंजिन मानकाचा स्वतंत्र वाचक म्हणून किती भरवशाचे? वेब पुश, म्हणजे संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची सोय, क्रोममध्ये २०१५ मध्ये आली. आयफोनवर ती मार्च २०२३ मध्ये पोचली, तीही होम स्क्रीनवर ठेवलेल्या संकेतस्थळांपुरती. आठ वर्षे थांबवणाऱ्याला ग्राहक सोडून जाण्याची धास्ती नव्हती. कुंपणामुळे वेबकिटचा वाटा वाचला असेल, त्याची धार मात्र बोथट झाली. कुंपण काढावे, आणि त्याच वेळी अँड्रॉइड व विंडोजवर कोणता ब्राउझर आधीपासून बसवलेला येतो, यावरही तितकीच कडक नजर ठेवावी. एकच दार उघडणे हा न्याय नव्हे.

सगळ्यात अवघड गाठ पैशाचीच. गेको सांभाळणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून लावून ठेवण्याच्या मोबदल्यातून, म्हणजे गूगलकडूनच येते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. सरकारने क्रोम विकायला लावण्याची मागणी केली, ती सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी फेटाळली; करार अनन्य नसावेत असे बजावले, पण असे पैसे देणे पूर्ण बंद केले नाही. ते बंद झाले असते तर मक्तेदारीवरच्या उपायानेच शेवटच्या वेगळ्या घराण्यातील इंजिनाचा घास घेतला असता. स्वतंत्र परीक्षकाचा पगार परीक्षार्थी देतो, अशी ही व्यवस्था आहे. तिला मी पर्याय म्हणून ‘सरकारांनी इंजिन बांधावे’ असे सुचवणार नाही. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाची निविदा काढताना, ते वेगवेगळ्या वंशांच्या किमान दोन इंजिनांत तपासून दाखवल्याखेरीज पैसे मिळणार नाहीत अशी अट घालायला काय हरकत आहे? याला नवा कायदा लागत नाही, आणि साधने हाताशी आहेत: वेब-प्लॅटफॉर्म-टेस्ट्स हा सामायिक चाचण्यांचा प्रचंड संच सर्व इंजिनवाले मिळून वाढवतात, आणि २०२२ पासून ‘इंटरऑप’ या उपक्रमात दर वर्षी कोणत्या विसंगती आधी मिटवायच्या हे ते एकत्र ठरवतात. ‘तीन इंजिनांत तपासणे फार जाचक’ ही विकसकांची जुनी तक्रार आज निम्म्याने तरी शिळी झाली आहे. तरीही एका महत्त्वाच्या अर्जासाठी मी अलीकडेच एका संकेतस्थळावर गेलो, तेव्हा अर्ज दिसण्याआधीच ‘कृपया अमुक ब्राउझर वापरा’ अशी पट्टी झळकली. ब्राउझरची ओळख सांगणारी, वर उल्लेखलेली ती ओळ बदलून मी त्याच ब्राउझरमधून पुन्हा गेलो, तर अर्ज एकही अक्षर न अडखळता भरला गेला. तिथे तांत्रिक अडचण नव्हतीच; कोणी तपासून पाहिले नव्हते, एवढेच.

शून्यातून नवे इंजिन बांधणे आता अशक्य आहे, असे अनेक वर्षे सर्वजण गृहीत धरून होते. लेडीबर्ड हा प्रकल्प २०२४ पासून एका ना-नफा संस्थेच्या नावाने तेच करून पाहतो आहे. तो लोकांच्या रोजच्या वापरात येईल की नाही, याबद्दल मी पैज लावणार नाही. पण त्यांचा कोड उघडून पाहावा. फंक्शनाच्या वर आणि आत मानकातील पायऱ्या क्रमांकांसह जशाच्या तशा टिपण म्हणून उतरवलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीखाली ती पार पाडणारा कोड. पायऱ्या पाळूनही प्रत्यक्षातील संकेतस्थळे चालत नाहीत, तिथे ते ‘अॅड-हॉक’ अशी खूण करून कारण लिहितात: मानक असे सांगते, बाकीचे ब्राउझर तसे करतात, म्हणून आम्ही नाइलाजाने हे केले. त्या खुणा एकत्र केल्या तर मजकूर आणि व्यवहार कुठे कुठे फारकत घेतात याचा नकाशा हाती येतो. ब्लिंकमध्ये अशी खूण करण्याची वेळ क्वचितच येते, कारण बाकीचे जिकडे पाहून चालतात ते ब्लिंकच असते.